यंदाचं वाचन : ज्या पुस्तकांत काम दिसतं

धुऱ्यावरचा

पुस्तक कोणत्याही प्रकारचं असो, त्यातली माणसं पोट कशावर भरतात हे लेखकाला नीट ठाऊक आहे का, ते मी आधी पाहतो. माणसाच्या हाताला काय काम आहे, ते तो कसं करतो, कुठे अडतो, त्याचे पैसे कधी येतात, हे ज्याने पाहिलेलं असतं त्याने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवरही विश्वास बसतो. मग ती प्रेमकथा असो, चरित्र असो की विज्ञानकथा.

यंदा दिवाळीच्या आगेमागे बरंच वाचून झालं. सोयाबीन निघालं, हरभरा पेरला, आणि ओलिताची वीज रात्रीची, त्यामुळे मोटार सुरू करून वावरात बसावंच लागतं. डोक्याला बॅटरी बांधली की वाचता येतं. त्यातल्या काही पुस्तकांबद्दल लिहितो. तुम्हीही तुमचं लिहा, प्रकाराचं बंधन नाही.

पहिलं उद्धव शेळके यांचं 'धग'. १९६० सालची कादंबरी, आपल्या वऱ्हाडातल्या माणसाची. कॉलेजात वाचली तेव्हा कौतिकचं दुःख तेवढं लक्षात राहिलं होतं. आता वाचताना डोळ्यांपुढे राहिलं ते तिचं राबणं. नवरा महादेव शिंपी, पण एका जागी बूड टेकवून काम करणं त्याच्या स्वभावात नाही. घर ओढायचं ते कौतिकनं. मजुरीला जायचं, आज हातात आलं त्यातलं किती चुलीकडे वळवायचं, उद्याला काय ठेवायचं, नामाच्या शिक्षणाचं काय करायचं. शेळके तिच्यासाठी कुठेही गळा काढत नाहीत. तिला कामात दाखवतात, आणि तिचा हिशोब जुळत नाही तेव्हा वाचणाऱ्याच्या पोटात कालवतं. तिची जिद्दही अशीच कळते, लेखकाने 'जिद्दी बाई' असं न म्हणता. आणि संवाद असे, की मोठ्याने वाचले तर शेजारच्या घरातून कोणी बोलतंय असं वाटावं. पासष्ट वर्षांनंतर एखादी कादंबरी अशी उभी राहते, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लगेच सदानंद देशमुखांचं 'बारोमास' घेतलं. बुलडाण्याकडचे लेखक. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एकनाथ एम. ए. बी. एड. झालेला, पण संस्थेला द्यायला पैसा नाही म्हणून नोकरी नाही, आणि शेतीत राहायचं तर शेती पुरत नाही. आमच्या गावात प्रत्येक गल्लीत एकनाथ आहे. देशमुखांनी शेतीचा हंगाम जसा सरकतो तशी कादंबरी सरकू दिली आहे. पेरणी, पावसाची वाट, उसनवारी, बाजार. काही ठिकाणी लांबते, विशेषतः एकनाथच्या मनातले विचार पानंच्या पानं चालतात तिथे. पण बियाणं कुठून आणायचं यावर बाप-लेकात जे बोलणं होतं, तसलं बोलणं लिहायला त्या घरात वाढलेलं असावं लागतं.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते पुस्तक. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर', १९८१ सालचं. शाळेत बक्षीस म्हणून हमखास मिळतं, त्यामुळे पुष्कळांनी लहानपणीच वाचून बाजूला ठेवलेलं असतं. चांगल्या माणसाचं चरित्र म्हणून ते मुलांच्या हाती देतात. माझं म्हणणं आहे, कापूस पिकवणाऱ्याने ते शेतीचं पुस्तक म्हणून वाचावं.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर गुलामगिरीत जन्मलेला. १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून तो अलाबामातल्या टस्कीगीला आला. तिथली जमीन कशी झालेली होती? कापसावर कापूस, त्यावर परत कापूस. दाराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस, घरच्या भाजीला जागा नाही. शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर कसणारा, बी-भरणाला दुकानदाराकडून उधार, आणि पीक आलं की पहिला हात दुकानदाराचा. सांगा, यात काय परकं आहे?

कार्व्हर त्यांना सांगतो, चवळी लावा, फल्ली म्हणजे भुईमूग लावा, जमिनीला नत्र मिळू द्या, मग कापूस घ्या. हे आपल्याकडे कृषी सहायकही सांगतो. कार्व्हरचं मोठेपण पुढच्या पायरीवर आहे. फल्ली मुबलक पिकली आणि घेणारा कोणी नाही, तेव्हा तो हात झटकून मोकळा झाला नाही. प्रयोगशाळेत बसून फल्लीपासून काय काय होतं ते काढत बसला. पीक बदला म्हणून सांगणाऱ्याने बदललेल्या पिकाच्या विक्रीचीही काळजी वाहिली, हे मला त्या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आम्ही ज्वारी सोडली, सोयाबीनवर आलो, कोणी हळदीकडे गेलं, कोणी संत्र्याकडे. प्रत्येक वेळी सल्ला पेरणीपर्यंत सोबत आला, बाजार समितीच्या फाटकापर्यंत नाही.

दुसरी गोष्ट, १९०६ सालची ती गाडी. शेतकरी शाळेत येऊ शकत नाही म्हणून अवजारं, बियाणं, नमुने गाडीत घालून शाळाच वाडीवस्तीवर नेली. नेऊन भाषण केलं नाही, तिथल्याच तुकड्यावर नांगर धरून दाखवला.

बोंडअळीचंही सांगतो. तिकडे मेक्सिकोकडून बोंडाचा भुंगा आला आणि कापसाचा फडशा पाडला. आपली गुलाबी बोंडअळी वेगळी, ती पतंगाची अळी. पण २०१७ च्या हंगामात इथे ज्यांनी हिरवं बोंड फोडून आत गुलाबी अळी पाहिली त्यांना तो प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही. बीटी बियाणं २००२ साली आलं तेव्हा अळीचा प्रश्न मिटला असंच सगळे धरून चालले होते. अलाबामात एंटरप्राइझ नावाचं गाव आहे. भुंग्यामुळे लोक कापूस सोडून फल्लीवर गेले, हाती पैसा आला, म्हणून त्या गावाने १९१९ साली भुंग्याचं स्मारक उभारलं. आपल्याकडे अळीनंतर लोक कशावर गेले? पुन्हा कापसावरच, कारण दुसऱ्याला भाव नाही.

पुस्तकाबद्दल एक तक्रार आहे. कार्व्हर फार निर्मळ दाखवला आहे. त्याच्या फसलेल्या प्रयोगांची आणखी पानं हवी होती. शेतकऱ्याला फसलेला प्रयोग जास्त शिकवतो.

मारुती चितमपल्ली यांचं 'चकवाचांदण' सुद्धा याच दिवसांत वाचलं. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले, त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. ग्रंथ जाडजूड आहे, मधूनमधून उघडून वाचावा असा. वनखात्याची नोकरी म्हणजे नेमकं काय, रेंजरने दिवसभर काय करायचं असतं, मजुरांचा पगार, बदली, वरिष्ठ, त्यातून पाखरांसाठी वेळ काढणं, हे सगळं त्यात आहे. जंगलाचं वर्णन करणारे पुष्कळ झाले, जंगलात नोकरी करणाऱ्याने लिहिलेलं कमी.

जयंत नारळीकरांच्या 'यक्षांची देणगी'तल्या कथा पोरांना वाचून दाखवल्या. कल्पना जबरदस्त, माणसं जरा पुठ्ठ्याची. पण पोरांना माणसांशी घेणंदेणं नव्हतं, त्यांना पुढे काय होतं ते हवं होतं.

एवढं पुरे. तुमचं येऊ द्या.


प्रतिसाद : पुसदची मास्तरीण

दादा, कार्व्हरबद्दलचं शब्दन् शब्द पटलं. मी सातवीच्या वर्गाला हे पुस्तक वाचायला देते आणि मुलं म्हणतात, "मॅडम, हा तर आपल्यासारखाच कापसाचा मुलूख." यापुढे त्यांना गाडीचं प्रकरण घेऊन आपल्या गावासाठी अशी गाडी काढली तर तीत काय काय ठेवाल, ते लिहायला सांगणार आहे.

'बारोमास'बद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. तुम्ही एकनाथबद्दल लिहिलं, त्याच्या बायकोचा, अलकाचा उल्लेखसुद्धा नाही. तिचं लग्न झालं ते नोकरी लागेल या बोलीवर. शिकलेली मुलगी, तिला त्या घरात आणून बसवली आणि मग तिच्या चिडचिडीवर सगळी कादंबरी नाराज. तुम्ही म्हणता माणसाच्या हाताला काय काम आहे ते पाहावं. मग अलकाच्या हाताला काय काम दिलं? तिचं शिक्षण कोणी वापरू दिलं? लेखकाने एकनाथच्या मनात जितकं खोल जाऊन पाहिलं, त्याच्या निम्म्यानेही तिच्या मनात पाहिलेलं मला दिसलं नाही. कादंबरी मोठी आहे यात वाद नाही, मी ती दोनदा वाचली आहे, पण दुसऱ्यांदा वाचताना हे फार टोचलं.

आणि मी सुचवते ते पुस्तक : कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट'. १९८१ सालचं, म्हणजे कार्व्हरच्याच वर्षातलं. नागपूरच्या दलित घरातली मुलगी संस्कृत शिकते. ज्या भाषेपासून तिच्या आज्या-पणज्यांना दूर ठेवलं तीच भाषा ती हट्टाने घेते आणि एम. ए. होते. लोक तोंडावर कौतुक करतात, मागून हसतात. पण पुढचं ऐका. एवढं शिकूनही नोकरी मिळत नाही. आंतरजातीय लग्न होतं, आडनाव सोमकुवरचं पावडे होतं, आणि मग सरकारी कॉलेजात संस्कृतच्या प्राध्यापकाची जागा मिळते. नोकरीचं श्रेय कुमुद सोमकुवरचं नाही, कुमुद पावडे या नावाचं आहे, हे त्या स्वतःच लिहून ठेवतात. आरडाओरडा नाही. पानांवर नुसती वस्तुस्थिती मांडलेली, आणि वाचणाऱ्याला उठून फेऱ्या माराव्याशा वाटतात. लहानसं पुस्तक आहे. आपल्याकडच्या प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला पाहिजे, पण मला ते नागपूरहून मागवावं लागलं.


प्रतिसाद : घाटाखालचा

धुऱ्यावरचे भाऊ, धागा लय आवडला. मी लिहिनाऱ्यातला नाई, वाचनाऱ्यातला हाव, तं जसं बोलतो तसंच लिहितो.

माह्यं पुस्तक पुरुषोत्तम बोरकरांचं 'मेड इन इंडिया'. बोरकर आमच्या खामगावचे. पंजाबराव गरसोळीकर पाटील सोताच्या तोंडानं सोताची कहानी सांगते. कादंबरी सगळी वऱ्हाडीत. नुसते संवाद नाई, सगळीच. वाचताना हासू येते, आन् हासता हासता बावा असं काही येऊन जाते का मानूस गप होते. शिकलेला पोरगा, बापाची पाटीलकी, गावातलं राजकारन, कर्ज, हे सारं हासन्याच्या आड ठेवलेलं हाये.

आमी जागलीले चार-पाच जन एका मचानावर जमतो, हरभऱ्यावर रानडुकरं आन् रोही येतेत म्हनून. मांगच्या हिवाळ्यात हे पुस्तक मोठ्यानं वाचलं. एक जन वाचे, बाकीचे आयके. त्यातला एक तं कधी शाळेत गेला नाई, पन त्याले मधातली मधातली वाक्यं पाठ झाली. मले सांगा, असं कोन्त्या पुस्तकाचं होते? पुन्याच्या भाषेतलं पुस्तक आमी वाचतो, समजते, आवडते बी. पन ते आमाले पाठ होत नाई.

तुमच्या कामाच्या मापानं पाह्यलं तं या पुस्तकात वावरातलं काम कमी, गावातलं बोलनं जास्त. पन बोलनं हे बी गावाचं कामच हाये. पंचायत, बैठक, लग्नाची बोलनी, वाटनीचं भांडन, सगळं बोलन्यावरच चालते.

ताई, अलकाचं तुमचं म्हननं माह्या घरवालीनं आयकलं. थे म्हने, "बाईचं बरोबर हाये."


प्रतिसाद : धुऱ्यावरचा

मास्तरीणबाई, तुमचा मुद्दा वजनदार आहे. मी 'बारोमास' एकनाथच्या बाजूने वाचतो कारण मी त्या बाजूचा आहे, आणि तुम्ही अलकाच्या. तरी एक म्हणतो. कादंबरी एकनाथच्या नजरेतून चालते, आणि त्याला अलका कळत नाही हेच त्याच्या संसाराचं दुखणं आहे. लेखकाने तिचं मन उघडून दाखवलं असतं तर एकनाथचं हे न कळणं वाचकाला इतकं बोचलं नसतं. 'धग'मध्ये कौतिक मध्यभागी आहे म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. 'अंतःस्फोट' मी वाचलेलं नाही. मागवतो.

घाटाखालचे भाऊ, बोलणं हेही काम, हे मान्य. 'मेड इन इंडिया' जागलीवर मोठ्याने वाचण्याची कल्पना आम्ही उचलणार.


प्रतिसाद : झाडीपट्टीकर

चितमपल्लींचं नाव निघालं म्हणून लिहायला बसलो. मी गोंदिया जिल्ह्यातला, नवेगावबांध आमच्यापासून लांब नाही.

त्यांच्या लिखाणात नवेगावच्या माधवराव पाटील डोंगरवारांचा उल्लेख वारंवार येतो. कोणतं पाखरू कधी येतं, कोणता मासा कोणत्या पाण्यात अंडी घालतो, तलावाच्या कुठल्या बाजूला काय उगवतं, हे माधवरावांना पुस्तकं न वाचता ठाऊक. अधिकारी असूनही चितमपल्ली त्यांच्याजवळ विद्यार्थ्यासारखे बसले आणि कुणाकडून काय शिकलो ते नावानिशी लिहिलं. आमच्या भागातल्या माणसांची माहिती घेऊन जाणारे पुष्कळ येतात, नाव लिहिणारे विरळा.

वाचकाने एक भान मात्र ठेवावं. त्यांच्या पुस्तकांत डोळ्यांनी पाहिलेलं, जंगलातल्या माणसांकडून ऐकलेलं आणि जुन्या संस्कृत ग्रंथांतून घेतलेलं एकाच ओघात येतं. अमुक पाखरू अमुक वनस्पती आणतं, अमुक मुळीने असं होतं, असल्या गोष्टी लोकांची समजूत म्हणून वाचाव्यात. पक्षिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या पोरांना मी सांगतो, आधी रानात जाऊन स्वतः नोंद करा. त्याने पुस्तकाची गोडी कमी होत नाही. समजुती टिपून ठेवणं हेही मोठं काम आहे, नाहीतर त्या कधीच्याच पुसल्या गेल्या असत्या.

नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. आमच्याकडचे मालगुजारी तलाव अशाच कोहळी मंडळींनी बांधलेले, पाट काढलेले, धानाला पाणी देण्याचे नियम ठरवलेले. धानाच्या बांधीत सारस उतरतो तो या पाण्यामुळे. धुऱ्यावरचे भाऊ, तुम्ही कामाबद्दल विचारता म्हणून सांगतो, तलाव कसे बांधले, गाळ कोण काढी, पाणी कोण सोडी, यावर एखादी सणसणीत कादंबरी व्हायला हवी. कोणी लिहिणारं असेल तर आमच्याकडे या, म्हातारे अजून आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर' राहिलंच. वानरांच्या टोळीची गोष्ट, १९८३ चा अकादमी पुरस्कार. छोटं पुस्तक, एका बैठकीत होतं. माणूस जवळजवळ नाहीच, तरी सत्ता कशी येते-जाते ते सगळं आहे. शब्द इतके मोजके की पुन्हा मागे जाऊन वाचावं लागतं.

आणि गडचिरोलीकडचं, डॉ. राणी बंग यांचं 'गोईण'. तिथल्या बायका आणि झाडं यांचं नातं. कोणत्या झाडाचा पाला, साल, फूल कशासाठी, कोणत्या झाडाचं कोणतं गाणं, कोणती गोष्ट. बायका बोलल्या आणि लिहिणारीने नीट ऐकून घेतलं. आमची आई मोहफुलं वेचते. तिला काही पानं वाचून दाखवली तर तिने तिथल्या तिथे आणखी चार झाडांची माहिती सांगितली. मी वहीत उतरवून ठेवली.


प्रतिसाद : बीएस्सी द्वितीय

नमस्कार सगळ्यांना. मी वाशीम जिल्ह्यातला, कॉलेजला आहे. तुम्ही सगळे इतकं गंभीर वाचता की लिहू की नको असं झालं, पण माझं वाचन नारायण धारपांचं आहे. तालुक्याच्या वाचनालयात धारपांची पुस्तकं सगळ्यात जास्त झिजलेली असतात, पानं निखळलेली, कुठे शेवटची चार पानंच नसतात. 'समर्थ' या पात्राच्या कथा मला फार आवडतात. भीती एकदम येत नाही. आधी घर, माणसं, रोजचा दिवस असं सगळं ठाकठीक उभं करतात आणि मग त्यातली एकच गोष्ट हलवतात.

नारळीकर सरांच्या कथांबद्दल मला वेगळं वाटतं. पात्रं पुठ्ठ्याची असतील, पण मी विज्ञान शाखा घेतली ती त्यांच्या पुस्तकांमुळे. त्यांची पहिली कथा 'कृष्णविवर' मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली पहिली आली. तेव्हा ते जगप्रसिद्ध होते, तरी नाव बदलून, नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, म्हणजे परीक्षकांनी नाव बघून बक्षीस देऊ नये. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून हे नाव केलेलं. माझ्यासारख्या गावाकडच्या मुलाला ही गोष्ट खूप धीर देते. नावाशिवायही लिखाण तपासलं जाऊ शकतं, आणि एवढ्या मोठ्या माणसाला तसं तपासून घ्यावंसं वाटलं.

त्यांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व' आता वाचतोय. बनारस, केंब्रिज, मुंबई, पुणे. केंब्रिजचा भाग चालू आहे, फ्रेड हॉइलच्या हाताखाली संशोधन कसं चालायचं ते. दादांच्या मापाने हे पुस्तक शंभर टक्के पास, कारण शास्त्रज्ञ दिवसभर नेमकं काय करतो हे मला पहिल्यांदा इथे कळलं.


प्रतिसाद : रिद्धपूर रस्ता

मोर्शीकडून राम राम. आंबिया बहाराची धावपळ आहे, तरी थोडं लिहितो.

तुम्ही सगळे नवीन पुस्तकांवर बोलता, मी सगळ्यात जुन्यावर येतो. रिद्धपूर आमच्या तालुक्यातलं. म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते इथलं, शके १२०० च्या सुमाराचं. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं म्हणून पाहुणे येतात, फोटो काढतात, पण पुस्तक उघडणारे थोडे. मी वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली प्रत घेऊन बसलो. आधी भीती होती की जुनी भाषा झेपणार नाही. थोड्या लीळा झाल्या की कान तयार होतो. वाक्यं छोटी छोटी. कोण आलं, कुठे बसलं, काय खाल्लं, काय विचारलं, चक्रधर काय म्हणाले. संपली लीळा.

म्हाइंभटांचं काम पाहा. स्वामी गेल्यावर त्यांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांना गाठलं, आठवणी विचारल्या. कुठली घटना कुठे घडली, सांगणारा कोण, याची काळजी घेतली. साडेसातशे वर्षांपूर्वी एक माणूस पायी हिंडून साक्षी गोळा करतोय! खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि नंतर स्मरणातून पुन्हा उभी केली, म्हणून आज वेगवेगळे पाठ मिळतात. त्यात बायका किती आहेत तेही बघण्यासारखं. प्रश्न विचारणाऱ्या, वाद घालणाऱ्या, रुसणाऱ्या. महदंबा तर 'धवळे' रचणारी, मराठीची आद्य कवयित्री.

मास्तरीणताई, तुमच्या वर्गाला याच्यातल्या दोन-तीन लहान लीळा वाचून दाखवा. मुलांना वाटतं जुनं मराठी म्हणजे अवघड कविता. हे तर बोलणं आहे.


प्रतिसाद : पुसदची मास्तरीण

नक्की दाखवते भाऊ. सहल रिद्धपूरला आणायचा विचार आहे, बहार सरला की कळवा.

बीएस्सी, तू गंभीर-अगंभीर असं काही मनावर घेऊ नकोस. वाचनालयातलं जे पुस्तक सगळ्यात जास्त झिजतं त्याने वाचनालय जिवंत ठेवलेलं असतं. शेवटची चार पानं नसलेली पुस्तकं कोणती ते सांग. माझ्याकडे धारपांची काही आहेत, पानांचे फोटो पाठवते.


प्रतिसाद : पुण्यातला वऱ्हाडी

मूळचा आर्वीचा, नोकरीसाठी पुण्यात. धागा वाचून गावची आठवण आली आणि पुस्तकांचीही.

अनुवादित पुस्तकांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. उमा कुलकर्णी यांचं 'संवादु अनुवादु' हे आत्मकथन वाचा. भैरप्पांच्या कादंबऱ्या आपण मराठीत वाचतो त्या त्यांच्यामुळे. त्यांना कन्नड लिपी वाचता येत नव्हती, भाषा ऐकून कळायची. मग त्यांचे पती विरुपाक्ष कन्नड कादंबरी वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करायचे आणि त्या ऐकून मराठीत लिहायच्या. 'पर्व'सारखा अवाढव्य ग्रंथ असा उतरला! एक माणूस नोकरी सांभाळून वाचतोय, दुसरं ऐकतंय, थांबवतंय, मागे नेतंय, लिहितंय. धुऱ्यावरच्या दादांना जे काम पाहायचं असतं ते या पुस्तकात भरभरून आहे. आपण अनुवाद वाचताना मुखपृष्ठावरचं दुसरं नाव वाचतच नाही. हे पुस्तक वाचल्यापासून मी ते नाव आधी वाचतो.

पुस्तकं मिळत नाहीत ही अडचण मी जाणतो. इथे जुन्या पुस्तकांच्या दुकानांत 'अंतःस्फोट' किंवा आणखी काही दिसलं तर घेऊन ठेवतो. संक्रांतीला गावी येणार आहे.


प्रतिसाद : घाटाखालचा

पुन्यातले भाऊ, मनोहर तल्हारांचं 'माणूस' पाहा ना कुठी भेटलं तं. अमरावतीतल्या सायकल रिक्षावाल्याची कादंबरी. माह्यापाशी होती, वाचाले देल्ली आन् गेली. जागलीले आता थेच वाचाचं मनात हाये. पैसे पाठवतो.


प्रतिसाद : धुऱ्यावरचा

घाटाखालचे भाऊ, 'माणूस'ची एक प्रत आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आहे, मागच्या आठवड्यात हाताळली. पुठ्ठा सुटलाय पण पानं पूर्ण. सभासदाच्या नावावरच मिळते, म्हणून माझ्या नावावर काढतो आणि खामगावला जाणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हाती देतो. हरभरा निघेपर्यंत वाचून परत करा, कारण मार्चात ते पुस्तकांची मोजणी करतात. बदल्यात 'मेड इन इंडिया' पाठवा.

पुण्यातले भाऊ, 'अंतःस्फोट'च्या दोन प्रती मिळाल्या तर दोन्ही घ्या, एक माझी आणि एक आमच्या गावच्या शाळेसाठी. झाडीपट्टीकर, आईंनी सांगितलेल्या चार झाडांचं लिहिलंय ती वही इथे टाका, जमेल तशी. रिद्धपूरच्या भाऊंनी कोलत्यांच्या प्रतीतली एखादी आवडती लीळा अर्थासकट दिली तर आमच्या पारावर वाचता येईल. आज रात्री वीज बारा वाजता येणार आहे, 'संवादु अनुवादु' मोबाइलवर मिळतं का ते तोवर बघतो.